अकराचा नमुना

माझं काम हवा मोजायचं. हे वाक्य मी सत्तावीस वर्षं लोकांना सांगत आले आहे आणि अजूनही निम्मे लोक ते ऐकल्याबरोबर विचारतात, "मग उद्या पाऊस पडेल का?" माझ्या थोरल्या जाऊबाईंनी तर लेकीच्या लग्नाची तारीख माझ्याकडून पक्की करून घेतली होती. मी कितीदा सांगितलं, की हवेत काय आहे ते मला कळतं, हवा पुढे काय करणार ते नाही. लग्नाच्या दिवशी मांडवात घोट्याएवढं पाणी साचलं, आणि त्याचं खापर आजतागायत माझ्या डोक्यावर आहे.

आमचं केंद्र गावामागच्या डोंगरमाथ्यावर आहे. दोन खोल्या, एक वीस मीटर उंचीचा लोखंडी मनोरा आणि मनोऱ्याच्या टोकापासून खाली टेबलापर्यंत आलेली एक नळी, एवढाच पसारा. पलीकडे दरी आहे. दरीत नुसतं जंगल, रस्ता नाही, धुराडं नाही. म्हणूनच चौतीस वर्षांपूर्वी माझ्या गुरूंनी, सरांनी, ही जागा निवडली. रोज सकाळी अकरा वाजता त्या नळीतून काचेची एक बाटली भरायची, तोटी बंद करायची, आणि आतल्या हवेत कर्बवायू किती ते मोजायचं. चौतीस वर्षांत एकही दिवस चुकलेला नाही. पहिली सात वर्षं सरांची, पुढची माझी. जगात इतक्या लांबीच्या अखंड नोंदी फार थोड्या आहेत, आणि हे सांगताना माझी मान थोडी ताठ होते हे मला ठाऊक आहे.

बाटली भरायची पद्धत सरांनी मला पहिल्याच दिवशी शिकवली. टेबलापासून दहा पावलांवर एक चपटा दगड आहे. तिथं उभं राहून खोल श्वास घ्यायचा आणि धरायचा. तसंच चालत यायचं, तोटी उघडायची, मनात साठ आकडे मोजायचे, तोटी बंद करायची, दहा पावलं परत जायचं आणि मग श्वास सोडायचा. आपल्या उच्छ्वासात बाहेरच्या हवेच्या शंभरपट कर्बवायू असतो. एक फुंकर पडली की बाटली वाया. सगळं मिळून पंचाऐंशी सेकंद होतात. सुरुवातीला माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, पुढे सवय झाली. नवरा म्हणतो, "भांडताना तू मध्ये श्वास का घेत नाहीस ते मला लग्नानंतर पाच वर्षांनी कळलं."

मी रजेवर असले की नमुना भाऊ घ्यायचे. भाऊ म्हणजे केंद्राचे तंत्रज्ञ, सरांच्या वेळेपासूनचे. यंत्र कुठलंही असो, भाऊंनी हात लावला की ते नीट चालतं. पण त्यांची बाटली मात्र कधीच धड यायची नाही. दर वेळी कर्बवायू दशलक्षात एक-दोन भागांनी जास्त. नोंदवहीत अशा दिवसांपुढे लाल शाईने 'दूषित' लिहायचं. रजेवरून परतले की मी पहिल्यांदा ते पान उघडायचे आणि मग भाऊंना फैलावर घ्यायचे.

"मॅडम, नरडं आवळून धरलं होतं हो," ते म्हणायचे. "साठ मोजले, पुरते साठ."

"मग बाटलीत श्वास कोणी सोडला, मी?"

यावर ते फडकं घेऊन यंत्र पुसायला लागायचे. एकदाच, फार वर्षांपूर्वी, ते हसून म्हणाले होते, "तुम्ही नमुना घेता तेव्हा वारासुद्धा पडतो, मॅडम. तुम्हाला मान देतो." मी ती थट्टा समजले. मोजताना माझं लक्ष आकड्यांकडे असतं, वाऱ्याकडे नसतं.

निवृत्तीला चार महिने उरले असताना नवं यंत्र आलं. ते सेकंदाला दहा वेळा हवा मोजतं आणि आकडे थेट शहरातल्या मुख्य कार्यालयात पाठवतं. भाऊंनी ते मनोऱ्याच्या टोकावर बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन पडद्यासमोर बसले. डोंगरावरच्या हवेची रेघ कशी असते हे मला पाठ आहे. थोडी थरथर, मधूनच एखादा उंचवटा, काही नेम नसलेला.

या रेघेला नेम होता. ती सावकाश चढत होती, सावकाश उतरत होती. मी घड्याळ लावलं. दर आठ सेकंदांनी एकदा.

चहा निवून गेला. माझ्या मनात पहिला विचार आला तो पंपाचा. पंप बंद केला. मग पंखा, मग शीतकपाट, मग सगळीच वीज बंद करून यंत्र बॅटरीवर चालवलं. रेघ चढत होती, उतरत होती. भाऊ मनोऱ्यावर चढून एकेक जोड साबणाच्या पाण्याने तपासून आले. कुठंही बुडबुडा नाही. मग मी बाकीचे आकडे काढले. कर्बवायू वाढला की प्राणवायू तेवढाच कमी होत होता. त्याच क्षणी ओलावा वाढत होता. आणि हवा एक दशांश अंश गरम होत होती. हे सगळं एकदम कशात होतं ते सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

"माकड बसलं असेल वर," मी म्हणाले.

"मी आत्ताच उतरलो वरून," भाऊ म्हणाले.

आठवड्याच्या आत मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. त्यांनी रेघ पाहिली होती. पत्राची भाषा सभ्य होती, मतलब सरळ होता. तुमच्या मनोऱ्यावर श्वासोच्छ्वासासारखं दूषण दिसतं आहे. ते जुनं असेल तर चौतीस वर्षांच्या साऱ्या नोंदींवर 'संशयास्पद' असा शिक्का मारावा लागेल. परीक्षण समितीपुढे पंधरा दिवसांनी हजर राहावं.

शिक्का बसला की त्या नोंदी कोणी वापरत नाही. सरांची सात वर्षं आणि माझी सत्तावीस, मुलगी तापाने फणफणलेली असताना गाठलेले अकराचे ठोके, सासऱ्यांना स्मशानात पोचवून त्याच ओल्या साडीने भरलेली बाटली, सगळं रद्दीत. मी त्या दिवशी घरी येऊन स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून रडले. नवऱ्याने चुकून एकही विनोद केला नाही, त्यावरून मला कळलं की माझं तोंड कसं दिसत असेल.

रडून झाल्यावर मी एक प्रयोग आखला. आमच्याकडे दोन छोटी यंत्रं होती. एक मी केंद्रात जमिनीवर ठेवलं. दुसरं भाऊ पाठीवर घेऊन दरीत उतरले, चार किलोमीटर आत. तिन्ही घड्याळं एकमेकांशी जुळवली. माझा हिशोब साधा होता. दूषण एका जागी असेल तर वाऱ्याबरोबर पसरायला त्याला वेळ लागेल. चार किलोमीटरला कमीत कमी दहा-पंधरा मिनिटं. तो उशीर मोजला की मूळ सापडेल.

संध्याकाळी तिन्ही रेघा एकाखाली एक मांडल्या. मनोरा, जमीन, दरी. तिन्ही एकाच क्षणी चढत होत्या, एकाच क्षणी उतरत होत्या. सेकंदाच्या दहाव्या भागाचाही फरक नव्हता.

वारा असं करू शकत नाही. ज्ञात असं काहीच करू शकत नाही. मी उठून दारात गेले. दरीवर शेवटचं ऊन होतं, ओळखीची झाडं होती, ओळखीची शांतता होती. मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा वाटलं होतं तसं वाटलं. इतकं मोठं काहीतरी, आणि ते आधीपासूनच इथं होतं.

"मॅडम," भाऊ आतून म्हणाले, "इथं बघा."

त्यांचं बोट पडद्यावर सकाळच्या अकरापाशी होतं. तिथं तिन्ही रेघा सपाट झाल्या होत्या. आधी लाट, नंतर लाट, मध्ये काचेवर ओढल्यासारखी सरळ रेघ. मी मोजलं. पंचाऐंशी सेकंद.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम अकरा वाजून वीस मिनिटांनी नमुना घेतला. सपाट रेघ अकरा-वीसला आली. तिसऱ्या दिवशी भाऊंना पाठवलं आणि मी दहा पावलांवर उभी राहून नेहमीसारखा श्वास घेत राहिले. भाऊंनी दगडावर श्वास भरला, गालांचे फुगे केले, दहा पावलं आले, तोटी उघडली. त्यांचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा तटतटल्या, पण तोंडातून, नाकातून काडीएवढीही हवा सुटली नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. आत जाऊन रेघ पाहिली. ती एकदाही थांबली नव्हती. बाटली दूषित निघाली.

माझ्या बाटल्या स्वच्छ यायच्या कारण मी श्वास धरला की तेही धरत होतं.

"भाऊ," मी म्हणाले, "सत्तावीस वर्षं मी तुम्हाला उगाच बोलले."

ते पाना पुसत होते. पुसत राहिले. "असू द्या," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "पण तुम्ही म्हणालात ते बरं झालं."

सर गावातच राहतात, मुलाकडे. फुप्फुसं थकली आहेत. नाकाला नळी लावलेली असते आणि पलंगाशेजारी प्राणवायूचं यंत्र घरघरत असतं. सूनबाई चहा ठेवून आत गेल्या. मी तिन्ही रेघांचा कागद सरांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा शोधलाही नाही.

"कळलं तर तुला," ते म्हणाले. "चांगलं यंत्र दिसतंय."

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"नळीचं तोंड किती उंचावर आहे?"

"वीस मीटर."

"आणि तू कुठं उभी असतेस?"

"खाली. टेबलापाशी."

"मग अगं, तुझ्या श्वासाने वर काय बिघडणार होतं?"

मला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. सत्तावीस वर्षं. मी या विषयाची डॉक्टर, परदेशांतल्या परिषदांत नमुने कसे घ्यावेत यावर भाषणं दिलेली, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. गुरूने शिकवलेली पद्धत म्हणून मी ती पाळली होती, इतकंच.

मग सरांनी दम खात तुकड्यातुकड्याने सांगितलं. पहिलं वर्षभर त्यांच्या सगळ्या बाटल्या दूषित यायच्या. केंद्र बंद करायची वेळ आली होती. एका सकाळी तोटी उघडी असताना एक गांधीलमाशी त्यांच्या ओठावर येऊन बसली. ती चावेल म्हणून त्यांनी श्वास धरला आणि ती उडून जाईपर्यंत तसेच उभे राहिले. त्या दिवशीची बाटली स्वच्छ निघाली.

"मग दुसऱ्या दिवशी माशीशिवाय धरून पाहिला," ते म्हणाले आणि हसले. हसण्याचा खोकला झाला.

"आणि मी?"

"तू आलीस त्याच्या तिसऱ्या महिन्यात माझ्या बाटल्या पुन्हा बिघडायला लागल्या. तुझी पहिलीच बाटली मात्र स्वच्छ आली. तेव्हापासून मी तोटीला हात लावला नाही."

त्यांचा माझ्यावर केवढा विश्वास, असं मी सत्तावीस वर्षं समजत होते.

"सर, कोण आहे ते?"

"मी विचारलं नाही. आपण थांबलो की थांबतं, एवढं मला पुरलं." त्यांनी कागदाची घडी घातली, नखाने दाबली आणि माझ्या हातात दिली. "मला एकच धाकधूक होती. माझा श्वास कायमचा थांबेल त्या दिवशी ते काय करेल? तुझ्याकडे गेलं, मी सुटलो." आणि त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, वडील थोपटतात तसं.

समिती वर केंद्रात यायला तयार झाली नाही. शहर तीन तासांवर. सकाळी गाडीत बसताना मी भाऊंना फोन केला.

"अकराला नेहमीसारखा नमुना घ्या."

"मॅडम, माझा नमुना कसा येतो ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. तरी घ्या."

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं, पाण्याचे पेले होते आणि भिंतीवर मोठा पडदा. पडद्यावर आमच्या डोंगराची रेघ चढत होती, उतरत होती. अध्यक्ष काटेकोर माणूस. त्यांचे शोधनिबंध मी शिकवले आहेत. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या कष्टांबद्दल शंकाच नाही. पण ही हवा आणि त्या बाटल्यांतली हवा एकच ना?"

"बाटली अकरा वाजता भरतात," मी म्हणाले. "त्या मिनिटाला हवा स्वच्छ असते. आता पाच मिनिटांत दिसेल."

"ती का स्वच्छ असते?"

"ते मला सांगता येणार नाही. मोजून दाखवता येईल."

कोणीतरी खाकरलं. मी खुर्ची मागे सारून खिडकीपाशी गेले. माझी मलाच लाज वाटत होती. डोंगर तीन तास मागे होता. मध्ये सगळं शहर, माणसं, गाड्या, धूर. शास्त्रज्ञ म्हणून जे काही शिकले ते सगळं सांगत होतं, की हा वेडेपणा आहे. दहा वाजून एकोणसाठ मिनिटं. मी मनात चपटा दगड आणला. खोल श्वास घेतला.

धरला.

माझी पाठ पडद्याकडे होती. वळायचं धाडस होईना. दहा. अकरा. बारा.

खोलीतली कुजबुज थांबली.

"अरे," एक सदस्य म्हणाला.

मी वळले. रेघ सपाट होती.

तीस. एकतीस. अध्यक्ष चष्मा वर करून पडद्याजवळ गेले. "हे कसं काय? मॅडम?"

मी बोट वर केलं. बोलता येणं शक्य नव्हतं.

"मॅडम, मी तुम्हाला विचारतोय."

पन्नास. कानांत ठोके पडत होते. साठ. तोटी बंद. मी दहा पावलं मोजली, जागच्या जागी.

आणि सोडला.

पडद्यावरची रेघ हलली. सावकाश चढली.

अध्यक्ष बराच वेळ रेघेकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी धापा टाकत होते. त्यांच्या मनात काय आलं ते मला ठाऊक नाही, पण त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. संध्याकाळी भाऊंचा फोन आला. बाटली स्वच्छ होती. त्यांची पहिली.

शिक्का बसला नाही. चौतीस वर्षं वाचली. घरी नवऱ्याने मला पेढा भरवावा तसा साखरेचा चमचा भरवला आणि म्हणाला, "श्वास घे आता." तो हसत होता. मी हसले नाही. सरांनी हातावर थोपटलेलं मला तेव्हा आठवलं, आणि त्याचा अर्थ तेव्हा कळला. आत्तापर्यंत मला वाटत होतं, ते डोंगरावर आहे. मी निवृत्त होईन, खाली येईन, आणि ते तिथं राहील.

निवृत्तीच्या कागदांसाठी वैद्यकीय तपासणी लागते. काल गेले होते. सकाळ गारठ्याची होती. क्ष-किरण काढणारा माणूस बोलका होता, नातवाच्या गोष्टी सांगत होता. मला पाटीला छाती टेकवून उभं केलं आणि तो काचेच्या आडोशामागे गेला. त्याच्या शेजारी खिडकी होती. बाहेर दोरीवर रुग्णालयाच्या चादरी वाळत होत्या आणि धुलाईघराच्या धुराड्यातून धूर निघत होता.

"मोठा श्वास घ्या," तो म्हणाला. "धरा."

मी धरला.

यंत्राचा आवाज झाला. मी मोजू लागले, सवयीने. पाच. सहा.

तिरक्या नजरेने मला खिडकी दिसत होती. वाऱ्याने फुगलेली चादर फुगलेलीच राहिली होती. धूर धुराड्यावर उभा होता, खांब रोवल्यासारखा.

पंधरा. सोळा.

"सोडा," असं तो म्हणाला नाही. तो खिडकीकडे वळून अगदी काचेला नाक लावून बाहेर बघत होता. काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली होती. ती वाफ पसरत नव्हती आणि विरतही नव्हती. त्याचे खांदेही वरखाली होत नव्हते.